थांबलेली पाळी आणि स्त्रीबीजनिर्मितीचे संप्रेरक उपचार : एक अभ्यास



वार्षिक अहवालात जमाखर्च, शस्त्रक्रियांची संख्या आणि आभारप्रदर्शन यांना जागा असतेच. त्यांच्या जोडीला एखाद्या आजाराची सविस्तर ओळख करून द्यावी, म्हणजे रुग्णालयात नेमके काय चालते आणि मदतीचा पैसा कोणत्या कामी लागतो हे सर्वांना समजते, असे आम्हांस वाटते. यंदा घेतलेला विषय चारचौघांत बोलला जात नाही. म्हणूनच तो येथे मांडण्याची अधिक गरज आहे.

अच्छाड हे मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावरचे महाराष्ट्राच्या टोकाचे गाव. पुढे गुजरातची हद्द लागते. तलासरी आणि डहाणू तालुक्यांतील पाड्यापाड्यांतून स्त्रिया बाह्यरुग्ण विभागात येतात. कोणी चिकूच्या वाडीत मजुरी करते, कोणी वीटभट्टीवर, तर कोणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत. तपासणीच्या खोलीत तिच्याबरोबर बहुधा सासू किंवा मोठी जाऊ असते, आणि बोलणेही तीच सुरू करते. ‘लग्नाला चार वर्षे झाली, अजून दिवस गेले नाहीत.’ पाळीविषयी विचारले की सून खाली मान घालते. मग पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे बाहेर निघतात. ‘गोळी घेतली की पाळी येते, नाही घेतली की येत नाही,’ एवढे ती हळूच सांगते.

या एका वाक्यात आमच्या लेखाचा विषय सामावला आहे. पाळी आणणे आणि स्त्रीबीज तयार होऊ देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक न कळल्यामुळे अनेक स्त्रियांची उमेदीची वर्षे वाया जातात. घरात ‘वांझ’ हा शब्द फिरू लागतो, नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी निघतात, आणि बरा होण्याजोगा आजार मात्र तसाच राहतो.

पाळी कशी येते

पाळीचा कारभार गर्भाशयात दिसत असला तरी त्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तेथून जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने थोडे थोडे सुटते. पाळीनंतरच्या दिवसांत हे अंतर साधारण ६० ते ९० मिनिटांचे असते. हा संदेश लगतच्या पिट्यूटरी ग्रंथीला मिळतो आणि ती एफएसएच व एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. ती अंडाशयापर्यंत पोहोचली की तेथील एका पुटकात स्त्रीबीज वाढू लागते. वाढणारे पुटक इस्ट्रोजेन तयार करते आणि इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे आतील अस्तर जाड होते.

स्त्रीबीज परिपक्व झाले की पिट्यूटरीतून एलएचची मोठी लाट येते. ती सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांनी पुटक फुटून स्त्रीबीज बाहेर पडते. रिकामे झालेले पुटक मग प्रोजेस्टेरॉन तयार करते आणि अस्तर गर्भ रुजण्यास योग्य होते. गर्भ राहिला नाही तर साधारण १४ दिवसांनी प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तर गळून पडते आणि पाळी येते.

ही एक साखळी आहे. मेंदू, पिट्यूटरी, अंडाशय आणि गर्भाशय हे तिचे चार दुवे. पाळी हे अगदी शेवटचे चिन्ह. त्यामुळे पाळी थांबली एवढ्यावरून यांपैकी कोणता दुवा निखळला हे सांगता येत नाही. मुलीला १५ वर्षांपर्यंत पहिली पाळी आलेली नसेल, किंवा नियमित येणारी पाळी ३ महिने आणि अनियमित येणारी पाळी ६ महिने बंद असेल, तर तपासणी करावी असा संकेत आहे. या अवस्थेस वैद्यकात अनार्तव म्हणतात. अनार्तव हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे.

गोळीने येणारी पाळी

दुकानातून आणलेली ‘पाळी येण्याची गोळी’ बहुधा प्रोजेस्टेरॉन जातीची असते. ती पाच ते दहा दिवस घेऊन थांबवली की शरीरातील प्रोजेस्टेरॉन उतरते आणि अस्तर गळते. साखळीचा फक्त शेवटचा भाग येथे बाहेरून घडवून आणलेला असतो. त्या महिन्यात स्त्रीबीज वाढलेले नसते, सुटलेलेही नसते. अशी पाळी बारा महिने बारा वेळा आणली तरी गर्भ राहण्याचा संभव वाढत नाही.

या गोळीचा उपयोगच नाही असे मात्र नव्हे. रक्तस्राव आला तर अंगात इस्ट्रोजेन पुरेसे आहे आणि गर्भाशयाचा मार्ग मोकळा आहे असे समजते. आला नाही तर एक तर इस्ट्रोजेन कमी आहे किंवा गर्भाशयातच अडचण आहे. ज्या स्त्रीचे अस्तर सतत जाड होत राहते तिला ही गोळी अधूनमधून देणे आवश्यकही असते. तेव्हा या गोळीला तपासणीत आणि संरक्षणात स्थान आहे. तिलाच अपत्यासाठीचा उपचार समजणे ही चूक आहे.

आधी साध्या गोष्टी

पाळी थांबलेल्या प्रत्येक विवाहितेची पहिली चाचणी गर्भधारणेची असते. ‘दिवस जातच नाहीत’ म्हणून आलेली स्त्री प्रत्यक्षात गर्भवती निघावी, असे कधी कधी घडते. दुसरा प्रश्न अंगावर पाजण्याचा. स्तनपान करणाऱ्या स्त्रीची पाळी काही महिने बंद असणे नैसर्गिक आहे. तिसरा प्रश्न गर्भनिरोधक इंजेक्शनाचा. शासकीय आरोग्य केंद्रांत २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने ते मिळू लागले. दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या या इंजेक्शनामुळे पाळी बंद होऊ शकते आणि शेवटच्या मात्रेनंतर गर्भ राहण्यास बरेच महिने लागू शकतात. यात काळजीचे कारण नाही, वाट पाहणे हाच उपाय असतो.

यानंतर वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच आणि इस्ट्रोजेन यांच्या तपासण्या व सोनोग्राफी होते. आमच्या भागात सिकलसेल आणि क्षयरोग यांचीही चौकशी करावी लागते. त्याच वेळी पतीची वीर्यतपासणी झालीच पाहिजे, असा आमचा आग्रह असतो. ही तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त, आणि तीच सर्वांत उशिरा होते. पत्नीची पाळी बंद आहे एवढ्यावरून पतीकडे दोष नाही असे सिद्ध होत नाही. स्त्रीला महिनोन्महिने औषधे द्यावीत आणि शेवटी शुक्रजंतूच नाहीत असे आढळावे, हा तिच्यावर अन्याय आहे.

पहिला दुवा : मेंदूकडून संदेश न येणे

पोटाला पुरेसे अन्न नाही, अंगमेहनत अफाट, वजन उतरलेले, मनावर मोठा ताण किंवा दीर्घ आजार, अशा वेळी शरीर प्रजननाचे काम स्थगित ठेवते. हायपोथॅलॅमसचे संदेश मंदावतात, एफएसएच व एलएच उतरतात आणि इस्ट्रोजेनही घटते. अमेरिकेतील रोझ फ्रिश यांनी १९७४ मध्ये वजन, शरीरातील चरबी आणि पाळी यांचा संबंध मांडला. त्यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. आज असे मानले जाते की खाण्यातून मिळणारी आणि कामात खर्च होणारी ऊर्जा यांचा मेळ बिघडणे हे मूळ कारण आहे.

येथे पहिला उपचार अन्न हा आहे. भाकरी-भाताबरोबर डाळ, अंडी, सुकी मासळी, शेंगदाणे, पुरेशी झोप आणि कामाचा थोडा कमी भार यांनी काही महिन्यांत पाळी आपोआप परत येऊ शकते. वजन फार कमी असताना औषधाने गर्भ राहिलाच, तर कमी वजनाचे व अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मण्याचा धोका असतो. म्हणून ‘आधी इंजेक्शन द्या’ असे म्हणणाऱ्या कुटुंबास आम्ही थांबावयास सांगतो, आणि त्यांना ते आवडत नाही हेही आम्ही जाणतो.

आहार सुधारूनही संदेश सुरू झाले नाहीत तर संप्रेरक उपचार करावा लागतो. यामागे एक सुंदर शोध आहे. जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या क्षेत्रातील कार्यासाठी रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु हे संप्रेरक सतत दिले तर पिट्यूटरी जागी होण्याऐवजी गप्प बसते, हे अर्न्स्ट क्नोबिल यांच्या माकडांवरील प्रयोगांतून १९७८ मध्ये दिसून आले. तासातासाने थोडे थोडे दिले तरच ती काम करते. दारावर अधूनमधून थाप पडली तर घरातील माणूस उठतो, अखंड ठोठावले तर कान बंद करून घेतो, तसेच हे. त्यानंतर लवकरच जर्मनीत लायेंडेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कमरेला बांधावयाच्या लहान पंपाने दर ९० मिनिटांनी हे औषध देऊन अशा स्त्रियांत स्त्रीबीज निर्माण करून दाखविले. निसर्गाच्या सर्वांत जवळचा असा हा उपचार असून त्यात बहुधा एकच स्त्रीबीज वाढते. मात्र तो पंप आपल्याकडे सहज मिळण्यासारखा नाही.

म्हणून अशा स्त्रियांना एफएसएच आणि एलएच ही दोन्ही संप्रेरके असलेली इंजेक्शने देतात. नेहमीच्या क्लोमिफेन गोळ्यांचा येथे सहसा उपयोग होत नाही. अंगातील इस्ट्रोजेनचा मेंदूवरील प्रभाव झाकणे हे त्या गोळीचे काम. इस्ट्रोजेनच नसेल तर ती झाकणार काय?

दुसरा दुवा : पिट्यूटरी

पिट्यूटरीतून प्रोलॅक्टिन अधिक प्रमाणात सुटले तर पाळी थांबते, कधी बाळ नसताना स्तनांतून दूध येते. काही मानसिक आजारांवरील व उलटीवरील औषधांनीही असे होते. थायरॉइडचे काम मंदावल्यानेही होते. कारण सापडले तर उपचार सोपा असतो. कॅबर्गोलिनची गोळी आठवड्यातून एकदा-दोनदा घेतल्याने बहुतेकींची पाळी परत येते आणि स्त्रीबीज आपोआप सुटू लागते.

याच ग्रंथीचा एक गंभीर आजार प्रत्येक सुईणीस, आशा कार्यकर्तीस आणि घरातील वडीलधाऱ्यांस ठाऊक असावा. बाळंतपणात अतिशय रक्तस्राव झाला तर त्या वेळी फुगलेल्या पिट्यूटरीला रक्त कमी पडते आणि तिचा भाग मरतो. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले म्हणून तो शीहान विकार या नावाने ओळखला जातो. बाळंतिणीला दूध उतरत नाही, पाळी परत येत नाही, काखेतील केस गळतात, थकवा जात नाही, थंडी सोसत नाही. घरचे म्हणतात, ‘बाळंतपणानंतर ही अशीच झाली.’ काश्मीरमधील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २० वर्षांवरील, बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांत हा विकार असावा असा अंदाज आला, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकींची बाळंतपणे घरी झाली होती.

अशी स्त्री दुसऱ्या अपत्यासाठी आली तर स्त्रीबीजाचा विचार नंतर करावयाचा. तिच्या अंगात कॉर्टिसोल व थायरॉइडचे संप्रेरक कमी असते. साध्या तापाने किंवा जुलाबाने तिच्या जिवास धोका होऊ शकतो. आधी कॉर्टिसोलची जागा घेणारी गोळी, मग थायरॉइडची गोळी, हा क्रम पाळावा लागतो. उलट क्रम झाला तर प्रकृती ढासळते. हे स्थिरावल्यावरच इंजेक्शनांनी अंडाशय जागे करता येते, कारण अंडाशय निरोगी असते. बाळंतपण रुग्णालयात व्हावे असे आपण का सांगतो, याचे हे आणखी एक कारण.

तिसरा दुवा : अंडाशय

येथे दोन अगदी भिन्न अवस्था आढळतात.

एकीत अंडाशयात स्त्रीबीजे भरपूर असतात, पण एकही पूर्ण वाढत नाही. स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांची माहिती देऊन या विकाराकडे लक्ष वेधले. आज तो पीसीओएस म्हणून घरोघरी माहीत आहे. स्त्रीबीज न सुटण्याचे हे सर्वांत मोठे कारण. वजन जास्त असेल तर ते ५ टक्क्यांनी जरी उतरले तरी अनेकींत पाळी सुधारते. सडपातळ स्त्रियांतही हा विकार असतो, हे विसरू नये.

औषधांत प्रथम आले ते क्लोमिफेन. या जातीची औषधे प्रथम उंदरांत गर्भप्रतिबंधक ठरली, स्त्रियांत मात्र १९६१ च्या सुमारास नेमके उलट, स्त्रीबीज सुटण्यास मदत करणारी आढळली. अमेरिकेत क्लोमिफेनला १९६७ मध्ये मान्यता मिळाली. पुढे २००१ मध्ये कॅनडातील मितवाली व कॅस्पर यांनी स्तनाच्या कर्करोगावरील लेट्रोझोल ही गोळी याच कामासाठी वापरून पाहिली. भारतात तिच्या या वापरावर २०११ मध्ये बंदी आली. त्यानंतर २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के आणि क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना अपत्य झाले, आणि जन्मजात व्यंगांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. भारतातील बंदी २०१७ मध्ये उठली. आज पीसीओएसमध्ये हीच पहिली पसंतीची गोळी मानली जाते. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत ती पाच दिवस घ्यावयाची असते आणि तिचा खर्च इंजेक्शनांच्या मानाने फार थोडा असतो.

वरील आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात यावी. पाच महिन्यांपर्यंत उपचार घेऊनही दहांपैकी सात स्त्रियांना त्या अवधीत अपत्य झाले नव्हते. गोळी लागू पडली तरी प्रत्येक महिन्यात गर्भ राहतोच असे नाही. एका महिन्यात निराश होऊन डॉक्टर बदलणे किंवा भगताकडे जाणे यात वेळ जातो, आणि पुढच्या ठिकाणी सर्व तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

दुसऱ्या अवस्थेत स्त्रीबीजांचा साठाच अकाली संपलेला असतो. वय ४० च्या आत, पण एफएसएच पुन्हा तपासले तरी फार वाढलेले. पिट्यूटरी ओरडून सांगत असते, पण ऐकणारे अंडाशयात कोणी उरलेले नसते. येथे कितीही महाग इंजेक्शन दिले तरी स्त्रीबीजनिर्मिती खात्रीने परत आणता येत नाही, आणि हे आम्ही स्पष्ट सांगतो. तिला इस्ट्रोजेनची गरज असते ती हाडे आणि हृदय सांभाळण्यासाठी, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत. अपत्यासाठी दात्या स्त्रीचे बीज किंवा दत्तक हे मार्ग आहेत. खोटी आशा विकणे सोपे असते. ती विकत घेण्यासाठी कोणी मंगळसूत्र गहाण टाकू नये, असे आम्हांस वाटते.

चौथा दुवा : गर्भाशय

कधी वरचे तिन्ही दुवे शाबूत असतात, स्त्रीबीजही दरमहा सुटते, पण गर्भाशयाचे अस्तर नष्ट झालेले असते. आपल्या देशात याचे महत्त्वाचे कारण क्षयरोग. फुप्फुसात काहीही न दिसता तो गर्भाशयात व गर्भनलिकांत दडून बसू शकतो. गर्भपातानंतर झालेल्या जखमांनीही भिंती चिकटतात. अशा स्त्रीला संप्रेरके देऊन काहीच साधत नाही. क्षयाचा उपचार शासनाकडून विनामूल्य मिळतो आणि तो पुरा करणे अत्यावश्यक आहे. मात्र एकदा नष्ट झालेले अस्तर पूर्ववत होईलच असे नाही. म्हणूनच क्षय जितका लवकर ओळखला जाईल तितके बरे.

इंजेक्शनांची शक्ती आणि जोखीम

एफएसएच-एलएचच्या इंजेक्शनांचा इतिहास रोचक आहे. स्वीडनचे कार्ल गेमझेल यांनी १९५८ मध्ये मृत व्यक्तींच्या पिट्यूटरीतून हे द्रव्य काढून वापरले. नंतर रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून ते वेगळे करण्याची पद्धत आली. त्यासाठी इटलीतील मठांत राहणाऱ्या वृद्ध जोगिणींचे मूत्र गोळा केले जात असे. ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या इस्रायलमधील कार्यातून १९६२ मध्ये या औषधाने पहिले बाळ जन्मले. ज्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळले त्यांच्यामुळे परक्या घरांत पाळणे हलले! आज प्रयोगशाळेत जनुकीय तंत्राने तयार केलेली इंजेक्शनेही मिळतात.

ही इंजेक्शने शक्तिमान आहेत, म्हणूनच धोक्याचीही. निसर्ग एका महिन्यात एक स्त्रीबीज निवडतो, इंजेक्शन तशी निवड करीत नाही. क्लोमिफेनने जुळ्यांचे प्रमाण साधारण ७ ते ८ टक्के असते, इंजेक्शनांनी ते बरेच अधिक होते. तिळी किंवा त्याहून अधिक गर्भ राहिले तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे होतात आणि बाळांना अतिदक्षता लागते. दुसरा धोका अंडाशय अति उत्तेजित होण्याचा. पोटात पाणी साठते, लघवी कमी होते, धाप लागते, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. सिकलसेल असलेल्या स्त्रीत गुठळ्यांची भीती अधिक असते.

म्हणून मात्रा लहान ठेवून हळूहळू वाढवावी लागते आणि दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीने पुटके मोजावी लागतात. एकच किंवा फार तर दोन पुटके योग्य आकाराची झाली की स्त्रीबीज सोडविणारे एचसीजीचे इंजेक्शन द्यावयाचे. अधिक झाली तर ते देण्याचे टाळून तो महिना सोडून द्यावयाचा आणि पतिपत्नींनी संबंध टाळावयाचे. ज्या जोडप्याने उसने पैसे आणून इंजेक्शने घेतली त्यांना ‘हा महिना सोडा’ असे सांगणे अवघड असते. तरीही ते सांगितलेच पाहिजे. पाड्यावरून सहा आसनी रिक्षा किंवा जीपने येणाऱ्या स्त्रीस रात्री धाप लागली तर ती किती वेळात रुग्णालयात पोहोचेल, याचा विचार पहिले इंजेक्शन देण्याआधी करावा लागतो. जवळ राहण्याची सोय नसेल तर आम्ही हा उपचार सुरू करीत नाही आणि तिला मोठ्या रुग्णालयात पाठवितो.

टेस्ट ट्यूबची गरज प्रत्येकीला नसते

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा या बालिकेचा जन्म झाला. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे त्यात मोलाचे साहाय्य होते. शास्त्रीय नोंद असलेली ती भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बालिका. महानगरपालिकेच्या रुग्णालयात हे घडले याचा आपल्या सर्वांना अभिमान वाटावा. परळची तीच संस्था आज डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातील आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रास मार्गदर्शन करते.

त्या घटनेमुळे ‘टेस्ट ट्यूब’ हा शब्द घराघरांत पोहोचला, आणि मूल होत नाही म्हणजे टेस्ट ट्यूबच, अशी समजूतही झाली. गर्भनलिका बंद असणे किंवा शुक्रजंतू फारच कमी असणे ही त्या उपचाराची मुख्य कारणे. ज्या स्त्रीच्या नलिका मोकळ्या आहेत, पतीची तपासणी चांगली आहे आणि केवळ स्त्रीबीज सुटत नाही, तिला बहुधा साध्या गोळ्या, सोनोग्राफी आणि धीर एवढेच पुरते. जमीन विकण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबास ही गोष्ट आधी समजावी.

अपत्याची इच्छा नसली तरी

पाळी थांबलेल्या अविवाहित मुलीस किंवा कुटुंब पूर्ण झालेल्या स्त्रीस उपचार नको, असे समजू नये. पीसीओएसमध्ये अस्तर वर्षानुवर्षे जाड होत राहिले तर पुढे त्याचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, म्हणून निदान तीन महिन्यांतून एकदा ते गळून जाणे हितावह आहे. इस्ट्रोजेन कमी असेल तर ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होतात. पाळीचा संबंध केवळ मुलाशी नाही, स्त्रीच्या स्वतःच्या आरोग्याशी आहे.

कुटुंबीयांस आणि देणगीदारांस

कुटुंबीयांना आमची विनंती थोडक्यात अशी. दुकानातून गोळ्या आणून पाळी आणू नका. पहिल्या भेटीस पतिपत्नी दोघेही या. जुने कागद, गोळ्यांची पाकिटे आणि पाळीच्या तारखा बरोबर आणा. मागील बाळंतपणात रक्तस्राव झाला असल्यास न विसरता सांगा. उपचार सुरू होण्यापूर्वीच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा. आणि सुनेला तिच्या शब्दांत बोलू द्या, कारण निदानाचा निम्मा भाग तिच्या बोलण्यात असतो.

देणगीदार कधी कधी विचारतात, ‘इंजेक्शनांसाठी किती रक्कम देऊ?’ त्यांच्या भावनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु या उपचारात इंजेक्शन ही शेवटची पायरी असते आणि थोड्याच स्त्रियांना तिची गरज पडते. त्याआधीचा खर्च डोळ्यांना दिसत नाही. संप्रेरकांच्या रक्ततपासण्या, पुन्हा पुन्हा करावयाची सोनोग्राफी, औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवणारे शीतकपाट व वीज गेल्यास त्याची पर्यायी सोय, आहार समजावून सांगणारी परिचारिका, आणि रोजंदारी बुडवून तपासणीस येणाऱ्या स्त्रीचे गाडीभाडे, हा तो खर्च. योग्य तपासणी झाली तर अनेकींना महाग औषध लागतच नाही, आणि ज्यांना उपयोग होणार नाही त्यांचे पैसे व वर्षे वाचतात.

रिकामी पाकिटे घेऊन आलेल्या त्या सुनेला आम्ही प्रथम कागदावर साखळीचे चित्र काढून दाखवतो आणि तुझा दुवा कोणता ते आपण शोधू, असे सांगतो. चित्र पाहताना सासूही पुढे झुकते. दोष सुनेचा नसून आजाराचा आहे हे सासूस त्याच वेळी पटले, तर उपचाराची सुरुवात चांगली झाली असे आम्ही मानतो.